दुसरी किल्ली कोणाकडे?

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमाचा एखादा सर्व्हर बंद पडला की लगेच ऐकू येतं, ‘हौशी लोकांचं काम ते, आज आहे उद्या नाही!’ मला हे अजिबात पटत नाही. ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम कुठं हौशी लोकांचं होतं? गुंतवणूकदारांचा पैसा होता, मराठीसकट भारतीय भाषांचा गाजावाजा होता. जुलै 2024 मध्ये गाशा गुंडाळला. ऑर्कुट आणि गूगल प्लस तर गूगलच्या तिजोरीवर बसूनही गेले. पैसा असला की टिकतं, हा समज आधी सोडा.

मॅस्टोडॉन 2016 साली जर्मनीतल्या ऑयगेन रोचको यांनी सुरू केलं. सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, आपला सर्व्हर उभा करावा आणि बाकीच्या सर्व्हरांशी जोडून घ्यावं. सगळ्यांचा मिळून एक मालक नाही. 2019 च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडचे बरेच जण तिकडे वळले ते याचसाठी.

खरी कसोटी लागली 2022 च्या नोव्हेंबरात. मस्कनं ट्विटर घेतलं आणि लोंढा सुटला. अमेरिकेत क्रिस नोव्हा ही अभियंता घराच्या तळघरात ‘हॅकिडर्म’ नावाचा सर्व्हर चालवत होती. महिनाभरात काहीशे माणसांची तीस हजार झाली. डिस्कना भार झेपेना, पोस्टी रांगेत तुंबल्या, फोटो उघडेनात. तिनं आणि सोबतच्या स्वयंसेवकांनी सगळा पसारा तळघरातून भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. वर काय बिघडलं आणि का, हेही जाहीर लिहून ठेवलं. मग निवेनली फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. ऑगस्ट 2023 मध्ये गिर्यारोहणातल्या अपघातात क्रिस गेली. वय फार नव्हतं. हॅकिडर्म मात्र चालू राहिलं, कारण तोवर त्याची किल्ली एकट्या तिच्याकडे राहिली नव्हती.

उलट उदाहरणंही आहेत. त्याच लोंढ्याच्या दिवसांत ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हा जुना, नावाजलेला सर्व्हर बंद होत होता. घरच्या अडचणीत चालवणाऱ्याकडे त्राण उरलं नव्हतं. जून 2025 मध्ये ‘लेम डॉट ईई’ हा सर्व्हर (मॅस्टोडॉनचा नव्हे, ‘लेमी’ या तशाच जोडलेल्या सॉफ्टवेअरचा) बंद झाला, चालवणारे थकले म्हणून. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘क्विअर डॉट एएफ’चा पत्ताच गेला, कारण एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि ते तालिबानच्या हाती.

यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. माणूस मोडतो त्याचं काय? दिवसभर नोकरी करून रात्री शिवीगाळीच्या तक्रारी उपसायच्या, किळसवाणे फोटो आपल्या डोळ्यांनी पाहून काढून टाकायचे, बॅकअप झाला की नाही बघायचं आणि महिनाअखेरीला भाडं स्वतःच्या खिशातून भरायचं. आणि आपण? चहा-वडापावला सहज पैसे मोजणारे आपण त्या माणसाला वर्षातून एकदाही विचारत नाही की बाबा, काही मदत हवी का. खातं उघडायचं आणि दोन तास सर्व्हर बंद पडला की बोंब ठोकायची, एवढंच आपलं योगदान. ही वृत्ती मला संतापजनक वाटते.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी पाळाव्या लागतात. रोज बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकेल असा किमान एक दुसरा माणूस आणि बंद करण्याआधी निदान तीन महिन्यांची सूचना. तुमच्या सर्व्हरचा हा दुसरा माणूस कोण, ते आजच विचारा. नसेल तर तुम्ही व्हा.

तीन महिने कशाला? जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच खातं हलवता येतं. नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, त्यात जुन्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यात जाऊन ‘हलवा’ म्हणायचं. अनुयायी आपोआप मागे येतात. सर्व्हर एका रात्रीत गेला तर ही सोय गेलीच. आणि सोय आहे तीही अर्धी, कारण जुन्या पोस्टी सोबत येत नाहीत. त्यांची फाइल उतरवून घ्यायची आणि आपल्या संगणकात ठेवायची, बस्स. माणसं हलतात, त्यांचं लिहिलेलं मागे राहतं, ही या रचनेतली सगळ्यात मोठी उणीव. नवनवी बटणं नंतर जोडा; आधी आमचं लिखाण आमच्याबरोबर येऊ द्या.