संसारी कवी

मुलगा कविता करतो ही गोष्ट आपल्याकडे स्थळ सुचवताना शक्यतो सांगत नाहीत. सांगायची वेळ आलीच, तर ‘नोकरीत पर्मनंट आहे’ हे आधी सांगतात आणि मग आवाज खाली आणून, ‘जरा कविताबिविता करतो, पण लग्नानंतर सुटेल’ असा दिलासा देतात. कवी म्हटला की तो विजेचं बिल भरायला विसरणार, भाजी आणायला गेला तर चंद्र बघत परत येणार, आणि संसाराचा गाडा बायको एकटी ओढणार, ही आपली पक्की समजूत. या समजुतीला जन्मभर सुरुंग लावला तो गोविंद विनायक करंदीकर, म्हणजे विंदा, यांनी.

१९१८ साली कोकणात जन्मलेला हा माणूस २०१० साली मुंबईत गेला, तेव्हा वय होतं ९१. एवढ्या आयुष्यात त्यांनी काय काय केलं याची यादी वाचतानाच आपल्याला दम लागतो. ‘स्वेदगंगा’पासून ‘अष्टदर्शने’पर्यंतचे कवितासंग्रह, लघुनिबंध, समीक्षा, मुक्तसुनीतं, तालचित्रं, विरूपिका. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चं आजच्या मराठीत रूपांतर. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, गटेचा ‘फाउस्ट’, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’, सगळे मराठीत. आणि यातलं बरंचसं कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता, तीन मुलं वाढवता वाढवता. आपण एक दिवाळी अंक वाचायला घेतला तरी होळीपर्यंत पुरवतो.

विंदांच्या काटकसरीचे किस्से साहित्यवर्तुळात चवीने सांगितले जात. पै-पैचा हिशेब, वस्तू टिकेल तोवर वापरायची, आणि घरातलं सुतारकाम स्वतःच्या हाताने करायची हौस. हातात रंधा घेतलेला कवी आपल्या कल्पनेत चटकन बसत नाही. कवीने झाडाखाली बसावं, झाड तासू नये, असं आपल्याला वाटतं. पण लाकूड समजणाऱ्या हाताला शब्दही समजतो. कुठला जोड घट्ट बसला, कुठे नुसती पाचर मारून वेळ भागवली, हे त्याला बोटांनीच कळतं. त्यांच्या एका लघुनिबंधसंग्रहाचं नावच ‘स्पर्शाची पालवी’ आहे.

गंमत अशी की इतका जपून खर्च करणारा हा गृहस्थ पुरस्काराची रक्कम मात्र घरात ठेवून घेत नसे. २००३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतर मराठीला आलेलं हे तिसरं. पण पुरस्काराचा पैसा आला तसा समाजाच्या कामाला गेला. काटकसर आणि दानत या दोघींचं आपल्याकडे सासू-सुनेसारखं पटत नाही. विंदांच्या घरात दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या. ज्याला स्वतःच्या गरजा नेमक्या ठाऊक असतात, त्यालाच उरलेलं किती आहे हे कळतं. बाकीच्यांचं काहीच उरत नाही, पगार कितीही वाढो.

संसारी म्हणून त्यांनी मित्रांना वाऱ्यावर सोडलं असंही नाही. मंगेश पाडगावकर, वसंत बापट आणि विंदा या त्रिकुटाने गावोगाव कविता वाचल्या, आणि तिकीट काढून कविता ऐकणारा श्रोता महाराष्ट्रात तयार केला. याच मंडळींचा गंगाधर गाडगीळ, सदानंद रेगे, श्री. पु. भागवत यांच्यासह एक ‘मुर्गी क्लब’ होता. दर महिन्याला एकत्र जेवायचं आणि शब्दांच्या कोट्या करायच्या. मराठी साहित्यातली किती संमेलनं आली नि गेली, पण या क्लबाचं नाव अजून निघतं, कारण तिथे अध्यक्षीय भाषण नव्हतं.

राहायला ते वांद्र्याच्या साहित्य सहवासात. नावाप्रमाणे लेखकांचीच वसाहत. तिथून निघालेली सगळ्यात लोकप्रिय कलाकृती मात्र कवी रमेश तेंडुलकरांच्या घरातली, आणि ती बॅट घेऊन निघाली. साहित्यिकांनी यावर फार वाईट वाटून घेऊ नये.

विंदांमधला घरातला माणूस बघायचा तर त्यांच्या बालकविता काढाव्यात. ‘राणीची बाग’, ‘सशाचे कान’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’. ‘एटू लोकांचा देश’ हा तर सगळा उफराटा कारभार. तिथले कायदेकानू आपल्या शहाणपणाला पाठ दाखवून उभे आहेत, आणि पोरांना ते ताबडतोब पटतात. पिशी मावशी घ्या. भुताखेतांच्या घोळक्यात राहणारी ही बाई मुलांना भीती दाखवायला यावी, तर ती घरच्याच एखाद्या तिरसट मावशीसारखी वाटते. भुताला नातेवाईक करून टाकलं की ते घाबरवत नाही, फार तर डोकं खातं. हे सुचायला मुलांच्या अंगावर ओरडून झाल्यावर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावं लागतं. टेबलावर बसून हे होत नाही.

आणि ‘अष्टदर्शने’? पुस्तक आलं तेव्हा विंदांनी ऐंशी ओलांडली होती. त्या वयात आपली आजोबामंडळी औषधांच्या वेळा आणि नातवाचं ॲडमिशन या दोन विषयांवर असतात. यांनी देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहॉवर, नित्शे, बर्गसाँ अशा सात पाश्चात्त्यांना धरून आणलं, आठवा आपला चार्वाक घेतला, आणि सगळ्यांना संतांच्या छंदात बसवलं. जर्मनीत ज्याचं एक वाक्य पान पान चालतं, त्या हेगेलला असं आटोपशीर बोलताना पाहून भल्याभल्या प्राध्यापकांना हायसं वाटलं असेल. इथेही तोच काटकसरी गृहस्थ दिसतो. शब्द वाया जाऊ द्यायचा नाही, मग तो हेगेलचा का असेना.

तरीही संसारी माणसाची कीर्ती त्याच्या एकट्याच्या तोंडून ऐकू नये. विंदांच्या पत्नी सुमा करंदीकर स्वतः लेखिका होत्या, आणि ‘रास’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या बाजूने हा संसार मांडला आहे. कवीचं घर आतून कसं चालतं, हे ज्याला चालवावं लागतं त्यालाच ठाऊक. म्हणून विंदांचे संग्रह कपाटात असतील तर ‘रास’ही मिळवून शेजारी ठेवा, आणि जमलं तर आधी ‘रास’ वाचा.