बेणं एकच

वैशाखातलं लग्न होतं, डोंगरकड्याला. मंडपाच्या मागं साउंडवाल्यानं एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड टाकला होता आणि त्याला सात-आठ फोन चार्जिंगला लटकले होते. सगळे काळे, चपटे, कोपरे गोल केलेले. नुकत्या व्यालेल्या कुत्रीला पिल्लं लुचावीत तसे ते त्या बोर्डाला लागून निपचित पडले होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि जो तो आपलं पिल्लू शोधायला आला. मग एक मोठं गमतीचं दृश्य दिसलं. कुणालाच आपला फोन ओळखू येईना. जो तो एकेक फोन उचलून तोंडासमोर धरी, क्षणभर थांबी आणि खाली ठेवी. फोन उघडला तर आपला, नाही उघडला तर दुसऱ्याचा. मालकाला फोन ओळखता येत नव्हता, पण फोन मालकाला बरोबर ओळखत होता. संध्याकाळी वासरं सोडली की गर्दीतून आपली गाय हुडकत पळतात, तसंच हे, फक्त इथं गायच गोंधळलेली होती.

मला इतका धीर कुठला? हिंगोलीची एसटी फाट्यावर येऊन उभी होती. कडेचा फोन माझा, हे मी खात्रीनं धरलं आणि निघालो. कळमनुरी मागं पडल्यावर खिशातला फोन वाजला. आवाज माझ्या फोनचाच होता, पण स्क्रीनवर माझाच नंबर होता आणि नाव नव्हतं. आपल्यालाच आपला फोन यावा, ही अवस्था वेदान्तात कुठं सांगितली असेल तर माहीत नाही. मी दबकत म्हटलं, "हॅलो?"

"कोण बोलायलं?" पलीकडून एक जाड, धुळीनं भरल्यासारखा आवाज आला.

"मामा, तुम्ही कोण बोलताय?"

"तुमच्याच फोनातून बोलायलोय की. पोरीनं घरी येऊन बघितलं तवा कळलं, ह्यो आपला नाही. तोंड दाखवलं तर उघडंना." थोडं थांबून ते म्हणाले, "आलेला फोन तेवढा उचलता येतो. हा पोरीनं नंबर तोंडानं सांगून लावला. तुमच्या मालकीणबाईचा आला होता. पोचले म्हणून सांगितलं."

पुढं दोन दिवसांनी वारंगा फाट्यावर खिचडीच्या गाडीपाशी आमची फोनची अदलाबदल ठरली. मधले दोन दिवस माझ्यापाशी एक परका फोन होता आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडं बघत बसलो. तेव्हा हे सगळं सुचलं.

या सारखेपणावरून जगात केवढी भांडणं झाली आहेत! ॲपलनं २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवला. चार वर्षांनी, २०११ च्या एप्रिलमध्ये, तीच कंपनी सॅमसंगवर खटला घालून कोर्टात उभी राहिली. तक्रार अशी की यांनी आमच्या फोनचा तोंडवळा उचलला. त्या तोंडवळ्याची पेटंटं मोठी मजेशीर आहेत. एकात गोल कोपऱ्यांचा आयत आहे, एकात काळी चकचकीत दर्शनी काच, एकात ओळीनं मांडलेल्या चित्रांची जाळी. आमच्या आजीच्या पाटाचे कोपरेही सुतारानं गोलच केले होते, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. पण तिनं ते कुठं नोंदवले नाहीत. खटल्यात एकदा न्यायाधीश लूसी कोह यांनी दोन टॅब्लेट हातात धरून सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कोणता? वकीलबाई दहाएक फुटांवर होत्या. इतक्या लांबून नाही सांगता येणार, असं त्या म्हणाल्या. हे वाचलं आणि मला मंडपातला बोर्ड आठवून फार बरं वाटलं. लाखो डॉलर फी घेणाऱ्यांचीही तीच गत होती.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीनं सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलर भरायला सांगितले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन परत खाली आलं, २०१८ च्या मे महिन्यात आकडा जवळपास ५४ कोटींवर उतरला आणि जूनमध्ये दोघांनी आपसांत मिटवून घेतलं. सात वर्षं. आमच्याकडं बांधाचा वाद याहून जास्त चालतो, पण त्यात निदान बांध तरी असतो. विलायतेत मात्र सॅमसंग जिंकली. तिथल्या न्यायाधीशांनी निकालात म्हटलं की सॅमसंगचा टॅब्लेट ॲपलची नक्कल ठरत नाही, कारण तो तितका 'कूल' नाही. पोरीला बघायला आलेल्यांनी "तुमची पोर तिच्या बहिणीसारखी मुळीच नाही, बहीण देखणी आहे" म्हणावं आणि बापानं त्यावर पेढे वाटावेत, असा तो विजय होता.

पण खरी गंमत नावात आहे. सफरचंदाची बी पेरली तर कसलं झाड उगवेल याचा नेम नसतो. गोड फळाच्या झाडाची बी आंबट झाडही देते. म्हणून जगभर सफरचंद वाढतं ते कलमानं. एका चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधायची, तिची पुन्हा तिसऱ्यावर. बाजारातलं एका जातीचं प्रत्येक सफरचंद म्हणजे कधीकाळच्या एकाच झाडाची नक्कल. आणि त्या फळाचं नाव लावणारी कंपनी नकलेविरुद्ध कोर्टात गेली.

आमच्या भागाला तर नकलेविरुद्ध बोलायची सोयच नाही. डोंगरकडा म्हणजे केळी, हळद आणि ऊस. या तिघांपैकी एकाचंही बी आम्ही पेरत नाही. केळीचा कंद लावतात, हळदीचं बेणं लावतात, उसाचं दोन डोळ्यांचं टिपरं जमिनीत निजवतात. आईच्या अंगाचा तुकडा मातीत ठेवायचा आणि तीच आई पुन्हा उगवायची. मळेच्या मळे एकमेकांच्या नकला आहेत, आणि त्यांच्यावर पोरींची लग्नं झाली, पोरांची शिक्षणं झाली. अलीकडं बरीचशी केळी टिश्यू कल्चरची झाली. प्रयोगशाळेतली रोपं, सगळी एका उंचीची, एका वयाची, जणू कारखान्यातून आत्ताच निघाली. त्या जातीचं नाव ग्रँड नैन, पण शेतकरी तिला 'जी-नाईन' म्हणतो. उसात 'शहाऐंशी शून्य बत्तीस', म्हणजे को ८६०३२. हळदीत 'सेलम'. पारावर दोन माणसं "जी-नाईन घ्यावा का दुसरा बघावा" असं बोलत बसली, तर परगावच्या माणसाला ती मोबाईल शॉपीतनं आलीत की नर्सरीतनं, ते अर्धा तास कळायचं नाही.

फोन कंपन्याही आमच्याकडूनच शिकल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे. ऊस तोडला की बुडखा तसाच राखायचा आणि त्यातून दुसरं पीक घ्यायचं, त्याला खोडवा म्हणतात. नांगरट नको, बेणं नको, खर्च कमी. दरवर्षी सप्टेंबरात थाटामाटानं जो नवा फोन येतो, तो मला मागच्या सालाचा खोडवा वाटतो. बूड तेच, फुटवा नवा, आणि भाव मात्र लागणीचा. शिवाय शेजाऱ्याच्या वावरात जे दिसेल ते आपल्यात हवंच. एकानं फोनच्या कपाळावर काळी खाच ठेवली, की बाकीचे आधी हसतात आणि पुढच्या साली आपल्या कपाळावर खाच पाडून घेतात. एकानं हेडफोनचं भोक बुजवलं, की दुसरा त्याची जाहिरातीतून टिंगल करतो आणि तिसऱ्या वर्षी गुपचूप आपलंही बुजवतो. शेजारच्यानं हळद लावली म्हणून नावं ठेवणारा पुढच्या मृगाला त्याच्याच दारात बेणं मागायला उभा असतो, ते आम्ही जन्मभर बघत आलो आहोत.

आणि कुणी कुणाचं उचललं, याचा मागही कुठं नीट लागतो? आयफोन दिसण्याच्या महिनाभर आधी, २००६ च्या डिसेंबरात, एलजीनं सबंध काचेचा, बोटानं चालणारा एक फोन जाहीर केला होता. त्यावर नाव होतं इटलीतल्या प्राडाचं. ॲपलनं आमचंच बघून केलं, अशी कुरकूर तेव्हा एलजीच्या माणसांनी केली. म्हणजे प्राडा एकदा नक्कल झाल्याच्या बाजूला उभी होती. मग २०२५ चा जून उजाडला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या पोरांच्या पायात जे दिसलं, ते बघून इचलकरंजीपासून कागलपर्यंत लोक म्हणाले, अरे, ही तर आपली कोल्हापुरी! प्राडानं नंतर मान्य केलं की प्रेरणा तिथलीच. काचेचा तुकडा आणि चामड्याचा अंगठा, या दोघांतून एकच नाव फिरून आपल्या अंगणात आलं. नकलेचा पाट असा असतो. पाणी कुणाच्या विहिरीचं ते सांगता येत नाही, आणि भिजतात सगळेच.

मराठवाड्याच्या माणसानं तर नकलेला नाक मुरडूच नये. संभाजीनगरचा हिमरू बघा. किनखाबात सोन्या-चांदीची तार असते, ती परवडेना म्हणून सूत आणि रेशीम घालून तशीच वेलबुट्टी विणली. नावही फारसीतलं 'हम-रू', म्हणजे सारखा दिसणारा, असं सांगतात. आपण कुणासारखे आहोत हे नावातच कबूल करणारं दुसरं कापड मला माहीत नाही. आज किनखाब कुठं मिळतो ते लोकांना विचारावं लागतं, पण हिमरूची शाल लोक शोधत येतात. कधीतरी नक्कल आपल्या पायावर उभी राहते आणि मूळ कोण ते विसरलं जातं. आमची हळदही तशीच. सेलम हे नावच तमिळनाडूतलं. पण या मातीत बेण्यावर बेणं लावत गेलो आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तुकड्यातून तुकडा काढत वाढवलेल्या पिकाला सरकारनं कागदावर लिहून दिलं की तुझ्यासारखं दुसरं नाही.

त्या परक्या फोनकडं बघता बघता मला वडिलांचा, म्हणजे दादांचा फोन आठवला. नोकिया ११००. २००३ मध्ये आलेला, डोक्यावर बॅटरी असलेला. जगात असे पंचवीस कोटींहून जास्त फोन विकले गेले, त्यातले निम्मे आमच्या गावातच असावेत असं तेव्हा वाटे. रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला माणसं निघाली, की उसाच्या बांधांवरून काजव्यांसारखे अकराशे जात. एकसारखे फोन, एकसारखी धोतरं, एकसारखी शिवी. पण फोनची अदलाबदल कधी झाली नाही. प्रत्येकाच्या फोनची बटणं वेगवेगळी झिजलेली असत. दादा नंबर साठवून ठेवत नसत. नंबर तोंडपाठ नसेल तर ते नातं कसलं, असं त्यांचं म्हणणं. दर वेळी दहाच्या दहा आकडे दाबत. त्यांच्या फोनवरचे ९ आणि ४ पार पुसून गेले होते. पण त्यावरून काही ठरत नाही, तेव्हा सगळ्या गावाचे नंबर ९४ नंच सुरू व्हायचे. ७ मात्र त्यांच्या एकट्याच्याच फोनवर गेला होता. माझ्या नांदेडच्या नंबरात तीन सात होते. फोन लावून ते बोलत काय? "जेवलास का? बरं, ठेवतो." एवढंच. तो सात माझ्या जेवणाची चौकशी करता करता झिजला, हे मला ते गेल्यावर ट्रंकेतून फोन काढला तेव्हा कळलं.

ठरल्या दिवशी वारंगा फाट्यावर मामा आले. धोतर, टोपी, आणि बोटं नखांपर्यंत पिवळी. हळद ढोलात घालून पॉलिश करायचं काम चालू होतं त्यांच्याकडं. खिचडी खाल्ली, चहा झाला आणि आम्ही फोन बदलले. मामांनी आपला हातात घेतला, अंगठा लावला, उघडेना. दुसरा लावला, तरी उघडेना. "हळदीच्या दिवसात ह्यो मला वळखीतच नाही बघा," ते हसून म्हणाले. मग त्यांनी फोन तोंडासमोर धरला, टोपी जरा मागं सारली, आणि तो एकदाचा उघडला.

माझा फोन त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून दिला होता. घरी येऊन पाहिलं तर काचेच्या कडेला आणि चार्जरच्या भोकापाशी हळदीची बारीक पिवळी रेघ बसलेली. टाचणीनं ती काढायला घेतली आणि थांबलो. आता कुठल्याही मंडपातल्या बोर्डावर मला माझा फोन लांबूनच ओळखू येईल.