मागच्यांना दिसू द्या

गंगेला पाणी वाढलं की नाशिककर घरात टिकत नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी उगाच भूगोल काढू नये.) गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पाटबंधारे खातं क्युसेकमध्ये बोलतं आणि गाव घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगाच्या मापात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं की सराफ बाजारात आवराआवर सुरू होते आणि होळकर पुलावर भराभर गर्दी जमते. पूर्वी लोक पूर बघायला यायचे. आता दाखवायला येतात.

त्यात एक मानाचा वर्ग आहे टॅबवाल्या काकांचा. हा टॅब त्यांनी स्वतः घेतलेला नसतो. २०२० मध्ये नातवाच्या ऑनलाइन शाळेसाठी घरात आला, शाळा पुन्हा भरली, नातू मोबाइलवर गेला आणि टॅब आजोबांकडे आला. वारसा वरून खाली येतो असं ऐकलं होतं. हा खालून वर गेला.

तर काका गर्दीत पुढची जागा धरतात आणि दोन्ही हातांनी पाट उचलावा तसा टॅब डोक्यावर धरतात. टॅबचं फ्लिप कव्हर उघडं लोंबत असतं. वारा आला की ते एकदा मागच्या बाईंच्या चष्म्यावर आपटतं, एकदा स्वतःच्याच लेन्सवर येतं. मागे बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या वाट्याला पूर येतो तो दहा इंचांचा, आणि तोही थरथरता.

“काका, जरा खाली घ्या ना, दिसत नाही.”

“अरे, रेकॉर्डिंग चालू आहे!”

हा संवाद त्याच व्हिडिओत पाण्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने रेकॉर्ड होतो आणि संध्याकाळी पुण्याच्या मेहुण्यांकडे पोचतो.

आता खरं काय ते सांगून टाकू. पहिला आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला तेव्हा त्याला कॅमेराच नव्हता. पुढच्या वर्षी आयपॅड २ ला मागच्या बाजूने कॅमेरा मिळाला, तो एका मेगापिक्सेलच्याही आतला. म्हणजे ही पाटी कुणी पुलावर नेऊन वर धरेल, हे बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावं. आजचे टॅब पुष्कळ सुधारलेत. तरी तेवढ्याच पैशांच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा कॅमेरा जास्त चांगला मिळतो. टॅबमध्ये सहसा सेन्सर लहान असतो, हात हलला तर लेन्स सावरून घेत नाही आणि अंधार पडला की चित्रात कण दिसायला लागतात.

पण टॅबकडे एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याच मोबाइलकडे नाही. मोठा पडदा. फोटो काढायच्या आधीच त्यात सगळं दिसतं: कुणाचा कान कापला जातोय, वहिनींच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, मागे कुणीतरी जांभई देतंय. जुने फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं खुपसून मोठ्या काचेवर चित्र न्याहाळत, ते याचसाठी. आपल्याला ती काच बिनकापडाची मिळाली आहे आणि आपण ती डोक्यावर धरतो, जिथून ती आपल्याला स्वतःलाच नीट दिसत नाही. उन्हात तर पडद्यात चित्राऐवजी स्वतःचीच टोपी दिसते.

टॅब छातीशी आणा. कोपरं बरगड्यांना टेकवा. हात हलायचा थांबतो, पडदा डोळ्यांसमोर येतो आणि मागच्या पोराला पूर दिसतो. कव्हर काढून पिशवीत टाका. लेन्स टॅबच्या कोपऱ्यात असते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे आपली बोटं पकडायला जातात. तो कोपरा वरच्या बाजूला ठेवा आणि आधी सुती रुमालाने पुसा. घरोघरचे धुकट फोटो हे दव नसून परवाच्या भज्यांचं तेल आहे.

झूमचं तेवढं एकदा बोलू. बोटांनी ताणून जे होतं ते चित्र कापून मोठं करणं. चार पावलं पुढे जा. पुराच्या दिवशी मात्र जाऊ नका; त्या दिवशी लांबचा बारीक मारुतीच बरा.

गंगाघाटावर फोटो काळे का येतात, याला नशीब जबाबदार नाही, दिशा जबाबदार आहे. रामकुंडाशी गोदा दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठाला, जुनं नाशिक पश्चिमेच्या. सकाळी ऊन पंचवटीकडून येतं. त्या वेळी नाशिकच्या काठावर उभं राहून समोरची देवळं टिपली तर सूर्य थेट लेन्समध्ये येतो, आणि देवळांपुढे उभे केलेले पाहुणे कोळशाचे निघतात. सकाळी पंचवटीच्या काठावर उभं राहून जुन्या गावाकडे बघा, देवळांचा फोटो उतरत्या उन्हासाठी ठेवा. घाई असेल तर पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. टॅबला कळतं की आपल्याला आभाळ नको, आत्याबाई हव्यात. बोट दाबून धरलं तर तो उजेडाचा हिशेब तिथेच पक्का होतो.

उजेडाचा हा हिशेब नाशिककरांना नव्याने सांगावा लागतो, ही गंमतच आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढून, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये तो लावून, नाशिकला येऊन राहिले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे झाला, १९१७ चा ‘लंका दहन’ इथे झाला, १९४४ मध्ये ते गेलेही इथेच. कॅमेरा हाताने फिरवायचा, दिवा म्हणजे सूर्य. फिल्म परदेशातून यायची, त्यामुळे आधी विचार आणि मग हँडल. पत्नी सरस्वतीबाईंनी दादरच्या घरी कोऱ्या फिल्मला भोकं पाडली, चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या आणि वर साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही केला, असं सांगतात. ती चादर आजही चालते. नवरीच्या ज्या गालावर सावली पडते त्या बाजूला कुणी पांढरी चादर धरली की चेहरा उजळतो. कार्यालयात चादर मिळते, धरायला मामा मिळतात. मामांनी स्वतःच फोटोत यायचा आग्रह धरला की सगळं बिघडतं.

फाळक्यांचं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम मात्र राजा, राणी, राक्षस यांच्याआधीचं आहे. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून महिनाभर थोडी थोडी फिल्म उचलली. मिनिटभराच्या चित्रात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होतो. पैसे लावणाऱ्यांना त्यांनी हे दाखवलं. टॅबमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाचं जे बटण कुणी कधी दाबत नाही, ते हेच.

आणि अशा चित्रणाला नाशिकइतका योग्य जिल्हा दुसरा नसेल. निफाड, दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी झाली की आठ-दहा दिवसांत द्राक्षाच्या काडीवरचे डोळे फुगतात आणि फुटतात. पोंग्यातून पान उलगडतं, घड दिसायला लागतो. शेतकरी ते रोज बघतो, म्हणून त्याला त्याचं काही वाटत नाही. काडीसमोर एक बांबू रोवा, त्यावर टॅब टेकेल अशी खाच करा, रोज सकाळी त्याच वेळी एकच फोटो काढा आणि टॅब घरी घेऊन जा. (बागेत ठेवू नका. फवारणीचा ब्लोअर टॅबला ओळखत नाही.) महिन्याने ते फोटो ओळीने लावले की फाळक्यांचा वाटाणा झाला, आपलं थॉमसन द्राक्ष.

बागाईतदारांचा टॅबशी दुसरा संबंध रोगाचा. पानावर डाग दिसला की फोटो काढून सल्लागाराला पाठवायचा. भर दुपारचा, चकाकणारा, चार इंचांवरून काढलेला आणि म्हणून धुरकट. सल्लागार विचारतो, “हे पान आहे का?” डाऊनीचे पिवळसर तेलकट डाग पानाच्या वरून दिसतात आणि पांढरी बुरशी खालून; भुरीची पावडर वरही दिसते. एकाच बाजूचा फोटो पाठवून औषध मागणं म्हणजे अर्धी तक्रार लिहून निकाल मागणं. पान स्वतःच्या सावलीत धरा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी अंगठा ठेवा म्हणजे डागाचा आकार कळेल. आणि टॅब हातभर मागे न्या. बऱ्याच टॅबना नाकाशी आलेली वस्तू स्पष्ट दिसत नाही. मागून काढून नंतर कापलेला फोटो जास्त खणखणीत येतो.

रंगपंचमीचं सांगायलाच हवं. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी रंग उडवतो, जुनं नाशिक रंगात उडी मारतं. शनिचौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं वरून धप्पा मारतात. हा धप्पा टिपायला दरवर्षी टॅब पुढे सरसावतात आणि दरवर्षी त्यात फक्त उडालेलं पाणी येतं, कारण माणूस दिसल्यावर बटण दाबलं जातं. काठावर उभा राहणारा गडी गुडघे वाकवतो, तेव्हाच बटण दाबून धरा. पुष्कळ टॅब लागोपाठ फोटो काढतात, त्यातला एक हवेतला निघतो. बोटं ओली असली की पडदा ऐकत नाही, तेव्हा आवाज कमी-जास्त करायचं बाजूचं बटण दाबा, त्यानेही फोटो निघतो. टॅब पारदर्शक पिशवीत घाला, लेन्ससमोरचं प्लास्टिक ताणून ठेवा. एवढं करायचं नसेल तर टॅब घरी ठेवून धप्पा मारावा, हा माझा कल.

ढोल-पथकाच्या पुढ्यात उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांनी तो परत कधी ऐकलाय का? टॅबच्या इवल्या माइकला तो आवाज पेलत नाही, नुसतं खरखरतं. वीस-पंचवीस पावलं मागे या. गणपतीच्या दिव्यांखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर तो दिव्यांचा दोष नाही. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. तीस फ्रेमचा वेग तिच्याशी नीट जुळत नाही, पंचवीसचा जुळतो. आयपॅडच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ दाखवा असं बटण आहे, ते चालू केलं की पंचवीसचा पर्याय मिळतो.

आता सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. ऑगस्टमध्ये आभाळ पांढरं फटक असतं. ते चौकटीतून जेवढं वगळाल तेवढे चेहरे चांगले येतील. पण त्याहून आधीचा मुद्दा असा की घाटावर लोक आंघोळीला आलेले असतात, आपल्या चित्रीकरणाला नाही. या बाबतीत टॅबचा एक गुण मला मनापासून आवडतो. त्याने चोरून फोटो काढता येत नाही. समोरच्याला लगेच कळतं, तो हात आडवा करतो किंवा शिवी देतो. साधू असेल तर दोन्ही. विचारून काढा. आणि लाखोंच्या गर्दीत पडद्यात बघत उलटं चालू नका.

एवढं सगळं पाहिल्यावर टॅबने मोकाट हिंडावं असं मला वाटत नाही. त्याची खरी जागा स्टँडवर, घरात, खिडकीच्या उजेडात. व्हिडिओ कॉलला न्यू जर्सीचा नातू म्हणतो, “आजी कुठे बघतेय?”, तेही कॅमेऱ्याच्या जागेचं दुखणं. बऱ्याच जुन्या टॅबमध्ये पुढचा कॅमेरा आखूड बाजूला असतो. टॅब आडवा ठेवला की तो कडेला जातो आणि पडद्यात बघणारी आजी शेजारच्या कपाटाशी बोलतेय असं दिसतं. ॲपलने २०२२ मध्ये आपल्या साध्या आयपॅडचा हा कॅमेरा लांब बाजूला नेला. तुमचा जुना असेल तर कॉलपुरता उभा ठेवा.

आणि याच स्टँडवरून आजींचा काळा मसाला रेकॉर्ड करा. पंखा बंद, मिक्सर चालू असताना बोलणं बंद, टॅब आजींपासून हातभर अंतरावर. फोर-केचा हट्ट नको; आयपॅडच्या हिशेबाने फोर-केचं एक मिनिट सुमारे १७० एमबी खातं, साधं १०८० सुमारे ६०. व्हॉट्सॲप नाहीतरी सगळं दाबून पाठवतं, चांगली प्रत हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एवढी जय्यत तयारी केल्यावर चित्रात भाजलेला एकेक तीळ मोजता येतो. प्रमाण विचारलं की आजी म्हणतात, “दगडफूल जरासं, खोबरं बरंचसं, धणे लागतील तेवढे.”

वजनकाटा चौकटीत ठेवा. आजी रागावतील. रेकॉर्डिंग बंद करू नका.