पुढची परिषद हेमलकशाला भरवा

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या परिषदा, कार्यशाळा आणि निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम, म्हणजे 'सीएमई', भरवणाऱ्या तमाम आयोजन समित्यांच्या सन्माननीय सदस्यांना,



पत्रास कारण की, पुढच्या परिषदेच्या स्थळाची चिंता आपल्याला लागली असणार. समुद्रकिनारे झाले, थंड हवेची ठिकाणे झाली, विमानतळाला खेटून असलेली पंचतारांकित सभागृहे तर पाठ झाली. कोणत्या विषयावर बोलायचे यापेक्षा कुठे जमायचे हाच प्रश्न दरवर्षी अधिक गहन होत चालला आहे. तेव्हा एक नम्र सूचना करतो: पुढची परिषद हेमलकशाला भरवा. तालुका भामरागड, जिल्हा गडचिरोली. नागपूरहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. आलापल्ली मागे पडली की उरलेला रस्ता जंगलातून. तिथे बँक्वेट हॉल नाही, त्यामुळे त्याच्या भाड्यावरून घासाघीस नाही. 'गाला डिनर'ला कोणता गायक बोलवायचा यावरून समितीत फूट पडण्याची भीती नाही. रुग्ण मात्र आहेत. वैद्यकीय परिषदेत रुग्ण समोर असणे प्रतिनिधींना सुरुवातीला थोडे अवघडल्यासारखे वाटेल, पण चहाच्या पहिल्या सुट्टीपर्यंत सवय होईल.

आपल्या हिशेबाने पाहिले, तर हेमलकसा हे वैद्यकीयदृष्ट्या निरक्षर गाव म्हणायला हवे. नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे डॉक्टरने 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट जमवायचे असतात, आणि ते बहुतांशी मान्यताप्राप्त कार्यक्रमाला हजर राहून मिळतात. आता हेमलकशाचे शिक्षण पाहा. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेले प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे विजेशिवाय रुग्ण तपासले. मोहफुले वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसावर अस्वल उठते, मागच्या पायांवर उभे राहते आणि पंजा थेट तोंडावर मारते. नाकाची एक बाजू, पापणी, ओठ, डोक्याची कातडी, सगळे एकाच वेळी सुटते. असा चेहरा शिवायचा तर काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. चेहऱ्याला रक्तपुरवठा मुबलक असतो, म्हणून मेल्यासारखा दिसणारा तुकडाही सहसा जगतो. तो कापून टाकायची घाई करायची नाही. जखम भरपूर पाण्याने धुवायची, रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन शिवण्याआधी जखमेत द्यायचे. मग ओठाची आणि नाकपुडीची कड आधी जुळवायची, बाकीचे त्यानंतर. अस्वलाने फाडलेले असे चेहरे हेमलकशात शिवले गेले, पुस्तके उघडून आणि आधीच्या रुग्णावरून पुढचा शिकत. या शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट किती, तर शून्य. हेच डॉक्टर एखाद्या वातानुकूलित सभागृहात 'चेहऱ्याच्या जखमांचे अद्ययावत व्यवस्थापन' या व्याख्यानाला मागच्या रांगेत डुलकी घेत बसले असते, तर त्यांच्या खात्यावर काहीतरी जमा झाले असते.

इथे कोणी म्हणेल की हा अर्धशिक्षितपणाचा गौरव झाला. मुळीच नाही. तज्ज्ञ हाताशी असता तर त्या रुग्णांचे अधिक भले झाले असते, आणि तज्ज्ञ तिथे नव्हता हीच तर तक्रार आहे. माझे म्हणणे एवढेच की माणूस शिकतो तो समोरच्या रुग्णाच्या गरजेने, आणि आपली मोजपट्टी मात्र खुर्चीला लावलेली आहे. खुर्चीबद्दलचा पुरावा माझा नाही, आपल्याच शास्त्राचा आहे. डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आढावा घेतला, तेव्हा नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचे वागणे बदलल्याचे दिसले नाही; प्रत्यक्ष भाग घ्यायला लावणाऱ्या सत्रांनी काही प्रमाणात बदलले. कॉक्रेन संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात 81 चाचण्या होत्या. शैक्षणिक सभांमुळे योग्य उपचाराच्या प्रमाणात पडलेला फरक मध्यक काढला तर सुमारे 6 टक्क्यांचा निघाला, आणि जिथे बदलायची गोष्ट गुंतागुंतीची होती तिथे त्याहून कमी. न्यायाने बोलायचे तर 6 टक्के म्हणजे काहीच नाही असे नव्हे. शंभरातल्या सहा रुग्णांना अधिक बरा उपचार मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. समव्यावसायिकांशी जिन्यात उभे राहून झालेल्या बोलण्यातून एखाद्या फसलेल्या शस्त्रक्रियेचा उलगडा होतो, हेही खरे. ते बोलणे कुठल्याच सत्राच्या यादीत नसते आणि त्याला पॉइंटही नसतात. पण त्याच आढाव्याने सांगितले की व्याख्यान आणि प्रत्यक्ष सराव एकत्र केले तर परिणाम वाढतो. आपण मात्र त्यातला सराव वगळून जेवण वाढवले.

आता सर्वात जोरकस आक्षेप. कॉक्लिअर इम्प्लांट बसवणाऱ्या, कवटीच्या तळापर्यंत दुर्बीण नेणाऱ्या शल्यविशारदाने भामरागडात शिकायचे काय? तिथे तर कान वाहतात, बस. नेमके तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 च्या अहवालात दीर्घकालीन वाहत्या कानाच्या बाबतीत भारताची गणना सर्वाधिक प्रमाणाच्या, म्हणजे 4 टक्क्यांहून जास्त लोकसंख्येला हा आजार असलेल्या देशांत केली होती. त्याच संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार मुलांमधला सुमारे 60 टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारख्या कारणांनी येतो. वाहता कान कोरडा करणे हे काम ऐकायला किरकोळ आणि करायला किचकट आहे. कापसाची सैल वात वळायची, कानाची पाळी मागे-वर ओढून ती हलक्या हाताने आत सारायची, फिरवायची, भिजली की काढायची, नवी घ्यायची. ती कोरडी निघेपर्यंत हेच. मग औषधाचे थेंब, आणि कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चा बोटाने दाबत राहायचे, म्हणजे थेंब पडद्याच्या छिद्रातून आत उतरतात. दिवसातून दोन-तीनदा, काही आठवडे. आश्रमशाळेत हे कोण करणार? अधीक्षिका, एखादी परिचारिका, आशा. त्यांना शिकवणार कोण? आणि माडिया बोलणाऱ्या पोराला, जे रोज पामुलगौतमी नदीत डुंबते, कानात पाणी जाऊ द्यायचे नाही हे पटवणार कसे? परिषदेतल्या इंग्रजी स्लाइडांपेक्षा हे नक्कीच अवघड सत्र आहे. वर्गात मागे बसणारे ते पोर 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाते. त्याला ऐकू कमी येते, अशी शंकाही ऑटोस्कोप लावेपर्यंत कोणाला येत नाही.

घशाचेही तेच. गडचिरोली-चंद्रपुरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पुडीत बांधलेला खर्रा मिळतो. तो तोंडात धरून धरून गालाचे आतले अस्तर ताठरत जाते आणि एक दिवस तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत. त्या टप्प्यावर रुग्ण पकडला तर व्यसन सोडवण्यात अर्थ असतो. गाठ आल्यावर तो आपल्याकडे येतो तेव्हा जबडा काढायची भाषा करावी लागते. जिल्ह्यात 2016 पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे, त्याच्या कार्यकर्त्यांना तीन बोटांची चाचणी ठाऊक असावी. आपल्यातल्या किती जणांनी मागच्या वर्षी ओपीडीत ती केली, हा प्रश्न मी विचारत नाही. पत्र नम्र ठेवायचे ठरवले आहे. आणि हिवतापाच्या या जिल्ह्यात क्विनीनने कानात गुणगुण येते, ऐकू कमी येते, हे औषधशास्त्राच्या पेपरात लिहून पास झालेल्यांना ते रुग्णाच्या तोंडून ऐकायला मिळेल.

समोर रुग्ण असला की तज्ज्ञ किती लवकर शिकतात याचा पुरावा हवा असेल तर 2021 चा उन्हाळा आठवावा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्र आणि गुजरात ही त्याची सर्वाधिक झळ बसलेली राज्ये. सायनसमधली काळी पडलेली ऊती दुर्बिणीने खरवडायची, टाळू काढायचा की वाचवायचा, डोळा जाऊ द्यायचा का, अॅम्फोटेरिसिन मिळत नसेल तर काय, हे सगळे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी काही आठवड्यांत शिकून घेतले. सभागृहे तेव्हा बंद होती. वेबिनार पुष्कळ झाले, हे खरे. पण रात्री ऐकलेले सकाळी वापरायचे होते, म्हणून ते डोक्यात राहिले. कोणीही त्या उन्हाळ्यात 'मला किती पॉइंट मिळाले' असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर 2014 मध्ये नसबंदी शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि 13 जणी दगावल्या. दुर्गम भागात शिबिर म्हटले की आकड्यांची हाव सुटते आणि नंतर पाहायला कोणी उरत नाही. म्हणूनच माझी विनंती शस्त्रक्रियांचा विक्रम करण्याची नाही. एका दिवसात कानाचे चाळीस पडदे बसवून, सायंकाळी लोक बिरादरी प्रकल्पातल्या प्राण्यांबरोबर फोटो काढून निघून जाणाऱ्या पथकापेक्षा न आलेले पथक बरे. ज्याला आठ दिवसांनी टाका पाहता येणार नाही त्याने चीर देऊ नये. मग तज्ज्ञाने करायचे काय? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेला 'इको' प्रकल्प पाहावा. हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांवर गावातले साधे डॉक्टर उपचार करायचे आणि दर आठवड्याला पडद्यावरून विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी आपल्याच रुग्णांची चर्चा करायचे. 2011 मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के बरे झाले, गावांत आणि तुरुंगांत 58.2 टक्के. भामरागडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी दर आठवड्याला एक तास कानांविषयी बोलणारा पुण्या-नागपूरचा तज्ज्ञ दोघांचे शिक्षण करील. त्याचे स्वतःचे जरा जास्तच होईल, कारण मायक्रोस्कोप, सीटी स्कॅन आणि ऑडिओमेट्री हाताशी नसताना निदान कसे करायचे हे त्याला समोरच्याला सांगावे लागेल, म्हणजे आधी स्वतःला आठवावे लागेल.

प्रायोजकांचे काय, ही काळजी उरते. वैद्यकीय आचारसंहितेतल्या 2009 च्या दुरुस्तीने डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. ऑगस्ट 2023 च्या नव्या आचार-नियमावलीने कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या परिषदांपासूनच दूर राहायला सांगितले, आणि तीन आठवड्यांत ती नियमावली स्थगित झाली. इतक्या तत्परतेने आपल्या क्षेत्रात दुसरे काही घडल्याचे स्मरत नाही. हेमलकशाचा फायदा असा की तिथे स्टॉल मांडायला कोणी यायचे नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब आणि कापूस विकून कोणाचा लॉनवरचा मांडव उभा राहात नाही.

आता व्यवस्थेचे. पॉइंट देण्याची पद्धत तेवढी बदलावी लागेल. हजेरीपटावर सकाळी आणि दुपारी सही पाहणाऱ्या निरीक्षकाने सहा आठवड्यांनी त्याच आश्रमशाळेत जावे आणि ज्या मुलांचे कान तपासले होते त्यांतले किती कोरडे राहिले ते मोजावे. जो तज्ज्ञ अधीक्षिका, परिचारिका आणि आशा यांना वात वळायला शिकवून गेला, त्याच्या नावावर पॉइंट टाकावेत, आणि त्या परिचारिकेच्या नावावरही. कान पुन्हा वाहत असेल तर पॉइंट वजा करू नयेत, फक्त पुन्हा यायला सांगावे.

तारखांची अडचण आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, आणि कान सर्वाधिक वाहतात ते त्याच पावसाळ्यात. दिवाळीनंतर रस्ता उत्तम असतो, पण तेव्हा बरेचसे कान आपोआप सुकलेले असतात आणि परिषद यशस्वी झाल्याचा समज होण्याचा धोका आहे. समितीने बैठक बोलावून निर्णय घ्यावा. नोंदणी शुल्क नाही. प्रतिनिधींनी पेन, पॅड आणि बॅग आणू नये. कापूस, ऑटोस्कोप आणि त्याचे जादा सेल आणावेत.

कळावे, लोभ असावा,

आपला,
एक वाचक