कुठला आजार घेऊ, सांगा!

ऐकलंत का? आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत 'विजया' आलीय. नाव घरंदाज, कूळ भांगेचं! इवलीशी बाटली, जिभेखाली दोन थेंब. आणि घेणारं कोण? नातवाच्या खिशात सिगारेट सापडली म्हणून ज्यांनी घरात महाभारत केलं, त्याच काकी!

फोनवर डॉक्टर गाठायचा, दुखणं सांगायचं, चिठ्ठी मिळाली की बाटली दारात. त्यामुळं पेठेत दुखणी नुसती उफाळून आलीत. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या धडाधड उतरणारे अण्णा परवापासून लंगडतायत. शेजारच्या वहिनींना म्हणे झोपच लागत नाही. दुपारी त्यांच्या घोरण्यानं आमची भिंत हलते, ते सोडा.

अमेरिकाही काही कमी नाही हं. कॅलिफोर्नियानं 1996 साली मतदान घेऊन औषधी गांजाला वाट दिली. यादीत कॅन्सर, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी, आणि शेवटी काय, तर ज्यात आराम पडेल असा दुसरा कुठलाही आजार! हे शेपूट ज्यानं जोडलं त्याला एकदा पेठेत बोलवाच. तांबडा-पांढरा आमच्याकडून.

ज्यांना खरी गरज, ती माणसं या गलक्यात गप्पच. केमोच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आखडणारे स्नायू, लहान मुलांच्या काही हट्टी फिट्स, यांवर या झाडातल्या द्रव्यांचा उपयोग होतो. फिट्सवरचं औषध तर अमेरिकेत 2018 मध्ये रीतसर मंजूर झालं. गुडघेदुखीवरचा पुरावा मात्र अण्णांइतकाच लंगडा.

आपल्याकडच्या कायद्याची तऱ्हा आणखी न्यारी. 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा. सापडला तर कोठडी. नुसतं पान त्या व्याख्येत नाही, म्हणून ते आयुर्वेदाच्या चिठ्ठीवर सोवळ्यात! वैद्यकीय देखरेखीखाली घ्या, असा इशारा बाटलीवर असतो. पण तो वाचायला काकींचा चष्मा नेमका तेव्हाच सापडत नाही.

तालमीत विषय काढला तर वस्ताद तडकले. "आमच्या थंडाईत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. असलं काय चालत न्हाई!" खसखस कुठल्या बोंडातनं निघते, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

काल काकींनी मलाच गाठलं.

"तुला काय दुखतंय?"

"काही नाही."

"जरा नीट आठव की. दोन बाटल्यांवर सूट आहे."