मंद, अधिक मंद, बंद

फॉल्स सीलिंग झालं की माणसाला उजेड खुपायला लागतो. ट्यूबलाइटखाली बारावी केलेली, ट्यूबलाइटखालीच मुली बघितलेली आम्ही मुलुंडची माणसं अचानक डोळे बारीक करून म्हणतो, "फार हार्श वाटतो हो!" मीही म्हणालो. इंटिरियरवाल्याने लगेच कोटेशनमध्ये ओळ वाढवली: कोव्ह लाइट, वॉर्म, सोबत डिमर. अंधेरीच्या मेहुण्यांकडे झुंबर आहे, पण डिमर नाही. यापलीकडे मला कारण लागलं नाही.

डिमर बसला. मी नॉब फिरवला. काही झालं नाही. अजून फिरवला, तरी लाइट पूर्वीइतकाच लख्ख. अगदी खाली नेल्यावर मात्र कोव्हमधली एलईडी स्ट्रिप एकाएकी लुकलुकायला लागली, बोर्डातून गुणगुण आली आणि हॉलमध्ये काळोख झाला. "यात मंद कुठलं?" हिने विचारलं. "हे तर जुन्या बटणासारखंच आहे. फक्त वेळ जास्त लागतो."

त्यानंतरच्या दिवसांत मला या धंद्यातली न्यायव्यवस्था कळली. वायरमन म्हणाला, "दादा, आपलं वायरिंग ओके आहे, ड्रायव्हरचा लोचा आहे." ड्रायव्हर विकणारा म्हणाला, डिमर हलका. डिमर विकणारा म्हणाला, स्ट्रिप चायनाची. आणि इंटिरियरवाला, ज्याचा चेक वटला होता, तो आढ्याकडे बघत "एरियाचा व्होल्टेज…" एवढंच म्हणाला. वायरमनने जाता जाता स्वतःच्या समाधानासाठी बेडरूममधल्या पंख्याचा रेग्युलेटर काढून हॉलमध्ये जोडून पाहिला. त्या रात्री हॉलमध्ये गुणगुण होती आणि बेडरूममध्ये वारा नव्हता.

आता डिमर म्हटल्यावर मला नाटकाकडे वळावंच लागेल. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. हिने गेली अनेक वर्षं तेच केलंय.

डिमर ही मुळात घरातली वस्तू नव्हेच, ती नाटकाची. किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, तेव्हा वीज नव्हती. दिवा मंद करायचा तर कुणीतरी जाऊन वात खाली ओढायची, आणि भर पदात शकुंतलेमागून असा माणूस आलेला कोण खपवून घेईल? पुढे वीज आली तेव्हा परदेशी नाट्यगृहांत मिठाच्या पाण्याचे डिमर होते. खरोखर मिठाचं पाणी! नळकांड्यात खारं पाणी भरायचं, आत धातूचे दोन तुकडे सोडायचे आणि एक वर-खाली करायचा. अंतर वाढलं की प्रवाह रोडावतो, रंगमंचावर संध्याकाळ होते. पाणी तापायचं, वाफा यायच्या. नायिका प्राण सोडत असताना विंगेत पाण्याला आधण येत असणार, ही कल्पना मला फार आवडते. मग रेझिस्टन्सचे डिमर आले. त्यांत पाणी नव्हतं, पण उष्णता तेवढीच. भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर घरोघर पोहोचवायचं श्रेय जोएल स्पायरा या अमेरिकन माणसाचं. त्याने त्यासाठी 1961 मध्ये कंपनीच काढली.

आणि रेझिस्टन्सच्या डिमरवर आमचे नाना, म्हणजे माझे वडील. भांडुपच्या कारखान्यातली नोकरी ही त्यांची उपजीविका होती. कामगार नाट्यस्पर्धेत लाइट करणं हे जीवन. मी विंगेत त्यांच्या शेजारी स्टुलावर. समोर दांड्यांची रांग, नाना गंजीफ्रॉकवर, घामाने निथळलेले, एका हाताने एक दांडी खाली आणि कोपराने दुसरी वर. पुढे मी त्याच नाटकमंडळीत तीन वाक्यांचा इन्स्पेक्टर झालो आणि स्वतःला नट समजू लागलो. नानांचं मत वेगळं होतं. "तुझ्यावर मी जास्त लाइट टाकत नाही," ते म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी." त्यांचा नियम एकच: उजेड कमी होत गेला हे प्रेक्षकाला कळता कामा नये. तिसऱ्या घंटेनंतर मुलुंडच्या कालिदासमध्ये हाउस लाइट उतरतात, तेव्हा आजही मी पडद्याकडे बघत नाही, छताकडे बघतो.

असो. शेवटी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळ गाठली. मुलुंडहून सीएसएमटी, तिथून चालत, हातगाड्यांना चुकवत. एका फळीएवढ्या दुकानातल्या शेठने मान वर न करता विचारलं, "लोड किती?" पाच मीटर, मीटरला 14.4 वॅट, म्हणजे 72. "डिमर?" 400 वॅटचा. मी अभिमानानेच सांगितलं. शेठने मान वर केली.

त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं, ते असं. भिंतीत 230 व्होल्ट, स्ट्रिपला हवेत 12. मधे ड्रायव्हर. आमचा डिमर करतो काय, तर सेकंदाला 50 वेळा येणाऱ्या विजेच्या लाटेचे तुकडे कापतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असते. तिला ही कापाकापी जाणवत नाही, ती नुसती मंदावते. साधा ड्रायव्हर मात्र जुन्या वळणाच्या हेडक्लार्कसारखा: वरून कितीही कमी येऊ दे, खाली बरोबर बाराच पोहोचवणार. म्हणून निम्मा नॉब फिरला तरी लाइट तेवढाच. मग एका टप्प्यावर त्याला पुरेनासं होतं, तो कोसळतो, जरा वीज साठली की उठतो, पुन्हा कोसळतो. तेच आमचं लुकलुकणं. शिवाय मोठ्या डिमरला चिमूटभर लोड दिला तर तोही बिथरतो. "डिमेबल ड्रायव्हर घ्या आणि त्याला जुळणारा डिमर," शेठ म्हणाले, "नाहीतर 230 ला हातच लावू नका. ड्रायव्हरच्या पुढे, बारा व्होल्टच्या बाजूला ही डबी टाका." डबी काही शे रुपयांची. ती स्ट्रिप सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते आणि डोळ्याला वाटतं, मंद झाली. म्हणजे मंद असं काही नाहीच! अर्धा वेळ उजेड, अर्धा वेळ काळोख. डबीपासून भिंतीपर्यंत नवी तार ओढावी लागू नये म्हणून रिमोट.

डबी बसली. हॉल मधाळला. मी सोफ्यावर एका कुशीवर रेललो, जाहिरातीत रेलतात तसा. हिला म्हटलं, फोटो काढ. फोटोत उजेडापेक्षा पट्टे जास्त आले.

नाना दिसेनात. ते स्वयंपाकघरात होते, ओट्याजवळच्या ट्यूबलाइटखाली, उभ्याने पेपर वाचत. गेला आठवडाभर तिथेच वाचतायत, हिने सांगितलं. मी त्यांना सांगायला गेलो होतो की शेवटी डिमर चालला. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. नानांनी साठी कधीच ओलांडली. मला मोतीबिंदूची तारीख माहीत होती, चष्म्याचा नंबर माहीत होता. दिवाणखाना मात्र मी मेहुण्यांच्या डोळ्यांसाठी उजळला होता. नाना काही बोलले नाहीत. माझ्यावर त्यांनी कधीच जास्त लाइट टाकला नाही.

त्यांच्या खुर्चीमागे आता वाचायचा दिवा आहे, चांगला पांढराफटक, हार्श. आणि रिमोट त्यांच्या बंडीच्या खिशात असतो. तो खिशातूनही चालतो. भिंतीवरचा महागडा डिमर मी काढलेला नाही. तो कशालाच जोडलेला नाही, पण नॉबला सोनेरी कड आहे.

परवा मेहुणे आले. "अरे वा, डिमर!" म्हणत त्यांनी नॉब धरला. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी सावकाश फिरवला, आणि हॉल तितक्याच सावकाश उतरत गेला, कुठे सुरू झालं ते कळू नये इतका. त्यांनी उलटा फिरवला, उजेड परत चढला. नाना खुर्चीत पेपर वाचत होते, एक हात खिशात.

"याची स्मूदनेसच वेगळी," मेहुणे म्हणाले. "कुठल्या कंपनीचा?"

"जुना माल आहे," नाना पेपरामागून म्हणाले. "आता मिळत नाही."