फुकटची गोळी डोंगर चढत नाही

राज्याच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत. पंचाहत्तरी ओलांडली की एसटी मोफत. सत्तरीपुढे आयुष्मानचं पाच लाखांचं कवच. चांगलंच झालं. पण पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात वाडी डोंगरावर, एसटी खाली रस्त्यावर आणि मधली पायवाट पावसाळाभर निसरडी. गुडघे धरलेली आजी उतरणार कशी? मग रक्तदाबाच्या गोळ्या संपतात त्या संपतातच. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती विषयच सोडून देते. रक्तदाब मात्र दुखत-खुपत नाही. अनेकदा कळतो तो थेट लकवा मारल्यावर.

गावात शिबिर होतं, पंधरा दिवसांच्या गोळ्या हातावर पडतात. सोळाव्या दिवशी काय, ते कुणी सांगायचं?

वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्या गरजूंना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. काठी हवीच. पण खुबा मोडायला डोंगर लागत नाही. रात्री अंधारात, मोरीच्या ओल्या फरशीवर पाय सरकला तरी पुरतं. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी म्हाताऱ्यांना घरच्या घरी पायांचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम दिले, तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं. ओसरीचा खांब धरून टाचा उचलायच्या, खुर्चीवरून सावकाश उठायचं-बसायचं. याला कसली यंत्रं लागतात?

लागतं ते माणूस. म्हणून आशाताईंना दर महिन्याला म्हाताऱ्यांच्या घरी पाठवा: रक्तदाब मोजायला, गोळ्या पोचवायला, व्यायाम करून घ्यायला. आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक रजिस्टर लादू नका.

पुण्या-मुंबईच्या लेकरांनो, गणपतीला याल तेव्हा मोरीत धरायला लोखंडी दांडी ठोका, वाटेवर रात्रीचा दिवा लावा, वारांप्रमाणे सात खणांची गोळ्यांची डबी आणा. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारता, तसं ‘गोळी घेतलीस का?’ हेही विचारा. घरातल्या सुनेवर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. तिचीही कंबर आहे.

आणि शिबिरवाल्यांनो, पुढच्या वेळी मांडव आणि फ्लेक्सचे पैसे आधी त्या मोरीतल्या दांड्यांना द्या.